धोरणलेखक-संपादक व्हायचंय, तेही सोलापुरात राहून

प्रश्न थोडक्यात असा आहे: राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, वर्तमानपत्रांत अधूनमधून लेख छापून येतात, आता सार्वजनिक धोरणांवर लिहिणं आणि तसल्या लिखाणाचं संपादन करणं हाच व्यवसाय करायचा आहे. कोणता अभ्यासक्रम करावा, कशात रस असावा लागतो, काम कुठून मिळतं, आणि पुण्या-दिल्लीला गेल्याशिवाय हे जमतं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी. जमतं, पण विषय नीट निवडला तर. धोरणं मुंबई-दिल्लीत ठरतात आणि सोलापुरासारख्या जिल्ह्यात येऊन पोचतात. पोचेपर्यंत त्यांचं काय झालं, हे कागद वाचून सांगू शकणारी माणसं मोजकी आहेत. मतं लिहिणारी रग्गड. जिल्ह्यातला एक विषय धरा आणि त्याचे कागद तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला माहीत नाहीत इथवर जा. पुढचं सगळं मी याच अंगानं लिहितोय.

कामाचं स्वरूप आधी स्पष्ट असू द्या, कारण बाहेरून ते लेख लिहिण्यापुरतंच दिसतं. प्रत्यक्षात धोरण-टिपण हा मुख्य ऐवज. दोन ते चार पानं, वाचणारा अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी, आणि त्याच्याकडे दहा मिनिटं. त्याखेरीज पार्श्वभूमी सांगणारी टिपणं, अंदाजपत्रकाची फोड, विधेयकाचा सारांश, एखाद्या योजनेच्या मूल्यमापनाचा ऐंशी-शंभर पानी अहवाल (ज्याची पहिली दोन पानंच वाचली जातात, म्हणून खरी मेहनत त्या दोन पानांवर), आणि शेवटी आठशे ते बाराशे शब्दांचे वर्तमानपत्री लेख. संपादनाचं काम लेखनापेक्षा जास्त मिळतं. संशोधक इंग्रजीत लिहितात, आकडे तक्त्यांत भरतात. ते मराठी वाचकाला कळेल असं आणि चूक न होता मांडणारा माणूस संस्थांना शोधूनही सापडत नाही.

विषय कोणता घ्यायचा? सोलापुरात पर्याय भरपूर आहेत: विडी कामगार, यंत्रमाग, डाळिंब, साखर कारखाने, पंढरपूरच्या वारीतली स्वच्छता, महापालिकेचं उत्पन्न. पाणी मात्र उदाहरणासाठी सर्वांत चांगलं, कारण त्यावर रोज लिहिलं जातं आणि रोज चुकीचं लिहिलं जातं.

उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी, म्हणजे मृतसाठाच मोठा. बातमीत जी टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची असते. म्हणून 'उजनी शून्यावर' छापून येतं तेव्हा धरणात अजून साठेक टीएमसी पाणी असतं, आणि त्यापुढे आकडा 'उणे' होतो. हे न सांगता 'धरण कोरडं' असं लिहिलं की लेखाचा पायाच ढासळतो. मृतसाठ्यातलं पाणी कालव्यात आपोआप येत नाही, पण उपसता येतं. शहराच्या जलवाहिनीसाठी पातळी खाली गेल्यावर दुबार पंपिंग करावं लागतं ते याचमुळे.

आता गणित. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष. गुणाकार केला की रोज सुमारे १२.८५ कोटी लिटर येतं, वर्षाला साधारण १.६६ टीएमसी. लोकसंख्या वाढून १५ लाख झाली असं धरलं तरी आकडा २.६१ टीएमसीच्या पुढे जात नाही. उपयुक्त साठ्याच्या पाच टक्केसुद्धा नाही! मग नळाला पाणी काही दिवसांआड का? उत्तर धरणात सापडत नाही. ते वाहिनीच्या क्षमतेत, शुद्धीकरणात, उंच टाक्यांच्या संख्येत, वीज खंडित होण्यात आणि गळतीत शोधावं लागतं. शहराला उजनीच्या जलवाहिनीखेरीज औज-टाकळीकडून भीमा नदीचं आणि हिप्परग्याच्या तलावातूनही पाणी येतं. त्यातही नदीत सोडलेलं पाणी टाकळीपर्यंत येताना जिरतं, उडून जातं, वाटेत उपसलं जातं. त्यामुळे शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावं लागतं आणि शेतकरी विरुद्ध शहर असा वाद उभा राहतो. उजनीपासूनच्या समांतर, म्हणजे दुसऱ्या जलवाहिनीचा मुद्दा खरा इथे येतो. नदीतून पाणी सोडणं कमी करता आलं तर ते शेतीच्या आवर्तनाला (कालव्याच्या पाण्याच्या पाळीला) मिळू शकतं. शहराच्या सोयीपलीकडचा हा मुद्दा चार ओळींत मांडता आला की टिपण तयार झालंच समजा.

या एका उदाहरणात संपादकाला लागणारी सगळी खबरदारी आलीच आहे. टक्केवारी कशाची, एकक कोणतं, लोकसंख्या कोणत्या सालची. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात, साठ्याचे टीएमसीत, शहराचे एमएलडीत. तिन्ही एकाच परिच्छेदात आले तर वाचकाला काहीच कळत नाही. क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) हा वेग आहे. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की १ टीएमसी होतं. १ एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर. टीएमसीचा वरचा आकडा धरून हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. लेखात एकच एकक ठेवा आणि दुसरं फार तर एकदा कंसात द्या.

लोकसंख्येचा मुद्दा पाण्यापुरता नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्यामुळे आजचे बहुतेक 'दरडोई' आकडे २०११ वर किंवा कुणाच्या तरी अंदाजावर उभे आहेत. कोणता छेद, म्हणजे भागायला कोणती लोकसंख्या वापरली ते प्रत्येक वेळी सांगायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हानिहाय तथ्यपत्रकं (पाचवी फेरी, २०१९-२१) उपयोगी आहेत, पण त्यात काही आकडे कंसात असतात. याचा अर्थ तो आकडा २५ ते ४९ नोंदींवरच आधारलेला आहे. तारांकन असेल तिथे नोंदी २५ पेक्षाही कमी असतात, म्हणून टक्केवारी दिलेलीच नसते. कंसातला आकडा कंस काढून मथळ्यात नेणारे लेख सर्रास दिसतात.

आता कागद. मत बनवायच्या आधी शासनाचा कागद वाचता आला पाहिजे आणि ते कुणी शिकवत नाही. क्रम लक्षात ठेवा: अधिनियम, त्याखालचे नियम, राजपत्रातली अधिसूचना, मग शासन निर्णय (जी.आर.), त्याखाली परिपत्रक. शासन निर्णयाने कायदा बदलत नाही. तरीही 'नवा कायदा आला' म्हणून जी.आर.च्या बातम्या येतात.

जी.आर. उघडलात की वरून खाली वाचू नका. आधी 'वाचा' या शीर्षकाखालची यादी बघा. जुने निर्णय तिथे क्रमांक-तारखेनिशी असतात. नवा निर्णय जुन्यांना अधिक्रमित करतो (रद्द करून त्यांची जागा घेतो), त्यांत सुधारणा करतो की नुसतीच मुदतवाढ देतो, हे तिथून आणि मुख्य भागातून ठरतं. 'प्रस्तावना' शेवटी वाचली तरी चालते. 'शासन निर्णय' या भागात तीन गोष्टी शोधा: जबाबदारी कुणावर, लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर पडणार ते) कोणतं, मुदत किती. त्यानंतर शेवटच्या परिच्छेदात 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक…' असं काही आहे का ते पाहा. योजनेला पैसे लागणार आणि निर्णयात ना वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख, ना लेखाशीर्ष, तर घोषणा झाली पण तरतुदीचं काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. तळाशी अठरा अंकी संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक साल, महिना, दिवस असे असतात. टिपणात संदर्भ देताना विभाग, क्रमांक, तारीख आणि हा सांकेतांक द्या. संकेतस्थळाचा दुवा तुटतो, सांकेतांकावरून शोध लागतो. आणि त्याच विषयाचं शुद्धिपत्रक निघालं आहे का ते बघितल्याशिवाय काहीही छापायला देऊ नका. रक्कम किंवा पात्रतेची अट शुद्धिपत्रकात बदललेली असणं अगदी नेहमीचं.

जुने निर्णय आणखी एका कारणाने त्रास देतात. युनिकोडपूर्व फाँटमधली पीडीएफ असेल तर त्यात शोध चालत नाही आणि मजकूर उतरवून घेतला तर पहिल्या वेलांट्या आणि रफार भलत्या अक्षरांवर जातात. असा मजकूर फाँट बदलून घेतल्यावर मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडावा लागतो, अंक तर एकेक करून. स्कॅनवरून ओळखलेल्या मजकुरात सारखे दिसणारे अंक उलटसुलट होतात आणि संगणकाला त्यात काही वावगं दिसत नाही.

मंजूर आणि लागू यांतलं अंतरही तारखांनी दाखवावं लागतं. चार कामगार संहिता घ्या: वेतन संहिता संसदेत २०१९ मध्ये मंजूर झाली, बाकीच्या तीन २०२० मध्ये, आणि अंमल सुरू झाला २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधल्या काळात 'नव्या संहितेनुसार विडी कामगारांना…' असं लिहिणारे सगळे चुकत होते. तेव्हा १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदाच चालू होता. विडीचा विषय घेणाऱ्याने आणखी एक धागा धरावा. १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर होता, त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत चालायची. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला. मग कल्याणाचा पैसा आता कुठल्या शीर्षातून येतो आणि किती येतो? केंद्राच्या अंदाजपत्रकातून दरवर्षी काढता येईल असं हे उत्तर आहे आणि शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या हजारो घरांशी त्याचा संबंध आहे. तसंच कुंभारीच्या रे नगरचं. कामगारांसाठीचा ३० हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. घरं शहराच्या हद्दीबाहेर आणि कामाची ठिकाणं मुख्यतः शहरात, म्हणजे बस, शाळा, सांडपाणी यांचा खर्च कुणाच्या अंदाजपत्रकात, हा लिहिण्याजोगा प्रश्न. उद्घाटनाच्या बातमीत तो येत नाही.

'मंजूर' या शब्दावर संपादकाने थांबायलाच हवं. जिल्हा वार्षिक योजनेतलं किंवा महापालिकेचं कोणतंही काम प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, देयक आणि उपयोगिता प्रमाणपत्र एवढ्या पायऱ्या चढतं. 'निधी मंजूर' यातल्या कुठल्याही पायरीला म्हटलं जातं. लेखकाला विचारा: कोणती पायरी, कोणत्या तारखेची? सांगता आलं नाही तर ते वाक्य गाळा.

अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीचे तीन आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. भाषणात पहिला येतो. लिहायचं तिसऱ्यावर, आणि तो साधारण दोन वर्षं मागचा मिळतो. एका वर्षाचा अंदाज आणि दुसऱ्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करून 'तरतुदीत कपात' किंवा 'दुप्पट वाढ' दाखवणं ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी गफलत. राज्याच्या बाबतीत पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी) जमेस धरल्याशिवाय वर्षाचं चित्र पुरं होत नाही; बीम्स या राज्याच्या ऑनलाइन अंदाजपत्रक प्रणालीवर वितरण आणि खर्च पाहता येतो. महापालिकेत मालमत्ता करासारख्या बाबीत मागणी, थकबाकी आणि वसुली वेगळी मांडा. वसुली ५० टक्क्यांवरून ६० वर गेली तर वाढ दहा टक्के-अंकांची आहे, टक्केवारीत वीसची. दोन्ही बरोबर, पण कोणतं सांगतोय ते स्पष्ट हवं.

जे संकेतस्थळावर नाही ते माहिती अधिकारातून मागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांपर्यंत. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नंतर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क वीस रुपये. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. अर्ज फसतात ते 'का' विचारल्यामुळे. 'आमच्या भागात पाणी का येत नाही' याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. '१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील अमुक टाकीच्या पाणी सोडण्याच्या नोंदवहीच्या छायाप्रती' याला आहे. कागदाचं नाव, काळ आणि कार्यालय एवढं पुरे. छायाप्रतीला पानाला दोन रुपये पडतात, म्हणून आधी अभिलेख पाहून घेणं शहाणपणाचं. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही सोय वापरणारे फार कमी. नोंदवही डोळ्यांनी पाहिली की कुठला रकाना नेहमी कोरा असतो ते कळतं, आणि पुढचा अर्ज नेमका होतो.

टिपण लिहिताना सुरुवात शिफारशीपासून करा, म्हणजे मनात. हा बदल करण्याचा अधिकार कुणाला आहे? उजनीच्या आवर्तनाचा विषय कालवा सल्लागार समिती आणि जलसंपदा विभागाकडे. टाक्या आणि वितरण महापालिकेकडे. स्मार्ट सिटीतली कामं वेगळ्या कंपनीच्या नावावर झाली (सोलापूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत होतं), म्हणून त्यांचे करारनामे तिथे शोधावे लागतात. आयुक्तांना उद्देशून जलसंपदाच्या शिफारशी करणारं टिपण वाया जातं. महापालिकेचा विषय असेल तर निर्णय स्थायी समिती किंवा सर्वसाधारण सभेचा होता की प्रशासकाच्या ठरावाचा, तेही बघा. २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतरच्या प्रशासक काळातले ठराव वेगळ्या पद्धतीने नोंदलेले आहेत.

दोन पानांत माप साधारण असं ठेवा: प्रश्न आणि शिफारस मिळून पहिल्याच परिच्छेदात शंभर शब्द, स्थिती तीनशे, कारण चारशे, पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि कोण दुखावणार हे तीनशे. 'कोण दुखावणार' हा भाग नवे लेखक सोडून देतात. टँकरवाले, थकबाकीदार, शेवटच्या टोकाचे शेतकरी यांचा विचार नसलेली शिफारस अधिकारी बाजूला ठेवतो, कारण त्याला उद्या त्यांनाच तोंड द्यायचं असतं. 'जनजागृती करावी', 'समन्वय साधावा', 'ठोस पावलं उचलावीत' ही तीन वाक्यं दिसली की खोडा. त्यांचा खर्च काढता येत नाही.

संपादन चार फेऱ्यांत करा आणि फेऱ्या मिसळू नका.

पहिल्या फेरीत शब्दाला हात लावायचा नाही. प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात एका ओळीत लिहायचा. दोन परिच्छेदांची ओळ सारखी आली तर एक जातो. एखाद्याची ओळ लिहिताच आली नाही तर तो लेखकाकडे परत.

दुसरी फेरी तथ्यांची, आणि हीच तुमची खरी कमाई. चार रकान्यांचा तक्ता करा: विधान; त्यातलं नाव, आकडा किंवा तारीख; मूळ कागद आणि पान; शेरा. दोन हजार शब्दांच्या आकडेबहुल लेखात चाळीस-पन्नास नोंदी सहज होतात. वर्तमानपत्राचं कात्रण हा मूळ कागद नव्हे, मंत्र्याचं भाषण तर नाहीच. इंग्रजी अहवालातले मिलियन-बिलियन इथेच तपासा: मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. कोटीच्या जागी लाख पडला तर वाक्य वाचताना कानाला खटकत नाही, म्हणून तो निसटतो. उपाय एकच, प्रत्येक मोठी रक्कम लाभार्थ्यांच्या संख्येने भागून बघा. घरामागे अनुदान पंचवीस रुपये निघालं की चूक सापडली.

तिसरी फेरी वाक्यांची. मराठी शासकीय गद्याचा रोग म्हणजे कर्ता हरवणं. 'पाणीपुरवठा सुरळीत होण्यासाठी आवश्यक उपाययोजना करण्यात याव्यात' यात कोण, काय, कधी काहीच नाही. 'पाणीपुरवठा विभागाने प्रत्येक टाकीत आलेलं आणि टाकीतून गेलेलं पाणी मोजून दर महिन्याला ताळा जाहीर करावा' असं केलं की वाक्य वाढलं तरी उपयोगी झालं. कर्ता शोधताना अनेकदा लक्षात येतं की लेखकालाच तो ठाऊक नव्हता. तेव्हा स्वतःच्या मनाने कर्ता बसवायचा नाही, शंका लिहून पाठवायची. पारिभाषिक संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे कोश जवळ ठेवा, पण कोशातला शब्द वाचकाला परका असेल तर रुळलेला शब्द घ्या आणि अहवालभर तोच ठेवा. एका ठिकाणी 'जलवाहिनी', दुसरीकडे 'पाइपलाइन' झालं की वाचकाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. त्यासाठी पहिल्याच दिवशी एक पानी शैलीपत्रक करा: अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, आर्थिक वर्ष कसं लिहायचं, संस्थांची पूर्ण नावं, लघुरूपं. लेखनाचे अठरा नियम पाठ हवेतच, त्यावर वेगळं बोलण्याची गरज नाही.

चौथी फेरी छापील प्रतीवर, फक्त अंक, तक्ते आणि नावं. तक्त्यांच्या बेरजा हाताने करा. मजकुरातला आकडा, तक्त्यातला आकडा आणि सारांशातला आकडा हे तीन वेगळे असणं ही अहवालांची जुनी खोड. सारांश बहुधा आधीच्या मसुद्यावरून लिहिलेला असतो.

लेखकाशी वागताना दुरुस्ती आणि शंका वेगळ्या रंगात ठेवा. कुणावर ठपका येणारा मजकूर असेल तर त्या कार्यालयाला प्रश्न लेखी पाठवून उत्तरासाठी ठरावीक मुदत दिली होती का, हे संपादकानेच विचारायचं. आणि एखाद्या संस्थेचा मोबदला घेऊन तिच्या योजनेचा अहवाल केला असेल तर त्याच योजनेवर लेख लिहिताना तसं नमूद करा. सोलापूर लहान आहे, सगळ्यांना सगळं कळतं.

शिक्षणाबद्दल थोडक्यात, कारण पदवीला मी फार महत्त्व देत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र तुमच्यापासून तासाभरावर आहे आणि ग्रामीण विकास-धोरणासाठी ते घराजवळचं उत्तम ठिकाण. अर्थशास्त्राची बाजू पक्की करायची तर पुण्याची गोखले संस्था. आयआयटी मुंबईत आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात धोरण अभ्यासाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. नोकरी सांभाळून करायचं तर तक्षशिला संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम बघा. वयाची अट असलेल्या संधी आधी गाठा. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदारासोबत सुमारे अकरा महिने काम देते, वयोमर्यादा पंचवीस. मुख्यमंत्री फेलोशिपला २१ ते २६ वय, पदवीला ६० टक्के आणि एका वर्षाचा अनुभव मागतात. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्या. या दोन्हींत फायलीचा प्रवास आतून दिसतो, वर्गात तो दिसत नाही.

रस कशात असावा? हिशेबात, आधी. मग नकाशांत, जुन्या नोंदींत (सोलापूरचं १८८४ चं गॅझेटियर दुष्काळ आणि पाण्याच्या प्रश्नांसाठी आजही चाळण्यासारखं आहे), विधिमंडळातल्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) प्रश्नांच्या उत्तरांत. वाचायला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आणि मराठीत 'साधना' पुरेत. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून जुने अंक काढायची सवय लावून घ्या. आणि एक सोलापुरी गोष्ट: कामापुरती तेलुगू शिका, जमलं तर कन्नडही. पूर्व भागातल्या विडी कामगार बायका मराठीत प्रश्नाचं उत्तर देतात, तेलुगूत तक्रार सांगतात. अक्कलकोटकडे कन्नडचं तेच. दुभाष्यामार्फत घेतलेल्या मुलाखतीतून मजुरीचा दर कळतो; छाट म्हणून किती विड्या बाजूला काढल्या जातात ते कळत नाही.

कामाचं वास्तव असं, की 'धोरण संपादक' नावाची पूर्णवेळ जागा सोलापुरात जवळजवळ नाहीच. सुरुवात तुकड्या-तुकड्यांनी होते: स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, कंपन्यांच्या सामाजिक निधीतल्या प्रकल्पांची मूल्यमापनं, पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांची मराठी रूपांतरं, वृत्तपत्रांच्या पुरवण्या. लेखांचं मानधन तुटपुंजं असतं. ते ओळख मिळवण्यासाठी, पोट संपादन आणि रूपांतरावर. दर शब्दावर सांगू नका, टप्प्यांवर सांगा: रचना, तथ्यतपासणी, भाषा, मुद्रितशोधन. तथ्यतपासणीचा दर भाषेपेक्षा वरचा ठेवा, कारण तासन् तास तिथे जातात. सुरुवातीला तिसरा हिस्सा आगाऊ, दोनच दुरुस्ती-फेऱ्या, तिसरीला वेगळं शुल्क, श्रेयनामावलीत नाव असणार की नाही, हे सगळं मेलवर लिहून घ्या. संस्था दहा टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पैसे देतात. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते बघत राहा, विवरणपत्र भरलं नाही तर परतावा नाही. मार्चमध्ये निधी संपवायची घाई असते, तेव्हा एकदम चार कामं येतात आणि सगळ्यांना ३१ तारखेच्या आत हवी असतात. दोनच घ्या.

काम मागायला जाताना तीन नमुने हवेत. एक दोन पानी टिपण, तुमच्या निवडलेल्या विषयावर. एका शासन निर्णयाचा सामान्य वाचकासाठी चारशे शब्दांत सारांश. आणि संपादनाचा नमुना: कुठल्याही सार्वजनिक अहवालाची दोन पानं, डावीकडे मूळ, उजवीकडे तुमची दुरुस्ती. खासगी संस्थेचा अप्रकाशित मजकूर नमुना म्हणून दाखवायचा नाही, परवानगी असल्याशिवाय. तिन्हींसोबत तो चार रकान्यांचा तथ्यतक्ता जोडा. तो जोडणारे अर्जदार फार थोडे असतात.